विक्री व्यवस्थापकाच्या वेळेची फेरआखणी : कोणते पाऊल आधी, कोणते नंतर

टार्गेट हुकले की बहुतेक विक्री व्यवस्थापक आणखी एक आढावा बैठक सुरू करतात. त्यापाठोपाठ रोजचा रिपोर्ट मागवला जातो, मग मोठ्या ग्राहकांकडे स्वतः जाणे सुरू होते. दोनएक महिन्यांनी चित्र असे दिसते की व्यवस्थापकाचा दिवस पूर्वीपेक्षा लांबला आहे आणि प्रतिनिधींचा ग्राहकांसमोरचा वेळ मात्र घटला आहे. आपल्या वेळेचे काहीतरी केले पाहिजे हे ज्यांना पटलेले असते, तेही पुष्कळदा उलट्या बाजूने सुरुवात करतात. ते आधी नवे कॅलेंडर आखतात. जुना वेळ नेमका कुठे जात होता, हे नंतर पाहतात किंवा पाहतच नाहीत.

पुढील मांडणी साधारण आठ प्रतिनिधींची टीम सांभाळणारा व्यवस्थापक डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. टीम लहान-मोठी असल्यास आकडे बदलावेत, क्रम बदलू नये. आधी नोंद, मग वर्गवारी, मग कपात, त्यानंतर मोकळ्या झालेल्या वेळेची वाटणी आणि सर्वांत शेवटी मोजमाप, असा हा क्रम आहे. कपातीच्या आधी वाटणी केली, तर नवी कामे जुन्या कामांच्या डोक्यावर येऊन बसतात आणि तीन आठवड्यांत नवीच कामे गळून पडतात, कारण जुन्या कामांमागे कोणीतरी तगादा लावणारे असते, नव्यांमागे नसते.

## पूर्वतयारी

नोंद सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी असाव्यात.

पहिली म्हणजे सद्यःस्थितीचे आकडे. प्रत्येक प्रतिनिधीने मागील किमान दोन विक्रीचक्रांत (पहिल्या भेटीपासून ऑर्डरपर्यंतचा काळ म्हणजे एक विक्रीचक्र) किती नव्या ग्राहकांशी पहिली भेट घेतली, त्यांतून किती प्रस्ताव गेले, किती ऑर्डर आल्या, आणि पहिल्या भेटीपासून ऑर्डरपर्यंत सरासरी किती दिवस लागले, हे एका कागदावर लिहून ठेवावे. हे काम पुढे ढकलू नये. बदल सुरू झाल्यानंतर गोळा केलेल्या जुन्या आकड्यांत आपल्याला हवे ते दिसण्याची शक्यता फार असते.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन सर्वसाधारण आठवड्यांची निवड. महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर धरून नोंद केली, तर सगळा वेळ धावपळीत जातो असे दिसेल. ते खोटे नसले तरी वर्षभराचे चित्र नव्हे. महिनाअखेरची नोंद हवीच असेल, तर ती वेगळी ठेवावी.

तिसरी, वरिष्ठांशी एक छोटी चर्चा. कोणते आकडे त्यांना खरोखर लागतात, कोणत्या दिवशी लागतात आणि कोणते केवळ सवयीने पाठवले जातात, हे विचारून घ्यावे. याचे उत्तर चौथ्या टप्प्यावर कामी येते.

चौथी, टीमला कल्पना देणे. व्यवस्थापक वही घेऊन दिवसभर काहीतरी लिहितो आहे असे दिसले की प्रतिनिधींना आपल्यावर पाळत असल्याचा संशय येतो. ही नोंद स्वतःच्या वेळेची आहे, हे एका वाक्यात सांगून टाकावे.

तपासणी : सरासरी विक्रीचक्र किती दिवसांचे आहे, हे ठाऊक नसेल तर पुढे जाऊ नये. शेवटच्या टप्प्यातील सगळे निष्कर्ष त्या एका आकड्यावर अवलंबून आहेत.

## टप्पा १ : दोन आठवड्यांची प्रामाणिक नोंद

अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने करावेत आणि प्रत्येक रकान्यासमोर चार गोष्टी लिहाव्यात : काय केले, कोणाबरोबर केले, ते काम कोणी सुरू केले आणि त्यामुळे एखाद्या प्रतिनिधीच्या पुढच्या कामात काय बदलले. तिसरा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, परंतु पुढे सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. एखादे काम आपण ठरवून केले, वरून आले, प्रतिनिधीच्या फोनमुळे उभे राहिले की दुसऱ्या विभागाकडून ढकलले गेले, हे कळल्याशिवाय ते कमी कसे करायचे, हे ठरवता येत नाही.

नोंद दिवसातून दोनदा, दुपारी आणि काम संपताना, भरावी. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेली नोंद निरुपयोगी असते, कारण दोन तासांची बैठक लक्षात राहते, पण पाच-पाच मिनिटांचे फोन लक्षात राहत नाहीत, आणि बहुतेक व्यवस्थापकांचा दिवस या फोनांनीच पोखरलेला असतो. अशा व्यत्ययांसाठी कागदाच्या कडेला नुसत्या रेघा माराव्यात. दर रेघेमागे तपशील लिहीत बसू नये.

या दोन आठवड्यांत कामाची पद्धत बदलू नये. नोंद चालू आहे म्हणून एखादी बैठक टाळणे किंवा मुद्दाम दोन प्रतिनिधींबरोबर बाहेर पडणे, म्हणजे वजनकाट्यावर उभे राहताना भिंतीला हात टेकवणे होय.

नेहमीची चूक : कॅलेंडरमधील नोंदी उतरवून काढणे. कॅलेंडर हे काय ठरले होते ते सांगते. रद्द झालेली वन-टू-वन भेट (एकाच प्रतिनिधीबरोबर बसून केलेली चर्चा) तिथे घडल्यासारखीच दिसते.

## टप्पा २ : वर्गवारी, आणि तीत होणारी फसगत

दोन आठवड्यांची नोंद सहा गटांत विभागावी.

१. प्रतिनिधीची कुवत वाढवणारे काम : सराव, भेटीची तयारी करून घेणे, भेटीनंतरची चर्चा.
२. प्रतिनिधी पुढे आणि व्यवस्थापक सोबत, अशा पद्धतीने केलेल्या ग्राहकभेटी.
३. स्वतः केलेली विक्री : स्वतःकडे ठेवलेले ग्राहक, स्वतः मिटवलेले व्यवहार.
४. माहिती गोळा करणे आणि वर पाठवणे : रिपोर्ट, फोरकास्ट (येत्या काळातील विक्रीचा अंदाज), आढावा, सीआरएममधील (ग्राहक आणि व्यवहारांची माहिती ठेवणाऱ्या संगणक प्रणालीतील) दुरुस्त्या.
५. अडचणी निस्तरणे : सवलतीची मंजुरी, रखडलेली डिलिव्हरी, तक्रारी, थकलेली वसुली.
६. टीमची बांधणी : मुलाखती, नव्या माणसाची तयारी, क्षेत्रांची वाटणी.

फसगत होते ती पहिल्या दोन गटांत. व्यवस्थापकाला विचारले तर प्रतिनिधींना तयार करण्यात आपला बराच वेळ जातो, असे तो मनापासून सांगतो, आणि नोंदीतही तसेच लिहितो. मात्र त्या रकान्यांत डोकावले तर बहुतेक संभाषणे एकाच साच्याची निघतात : ‘ही ऑर्डर कधी येणार?’, ‘त्यांच्याशी बोलणे झाले का?’, ‘या महिन्यात धरायची की नाही?’ हे प्रश्न आवश्यक आहेत, पण त्यांनी माहिती मिळते ती व्यवस्थापकाला. प्रतिनिधीच्या हाती काहीही लागत नाही. असे सर्व तास चौथ्या गटात टाकावेत.

पहिल्या गटात काय ठेवायचे, याची कसोटी सोपी आहे. संभाषण संपल्यावर पुढच्या ग्राहकासमोर आपण कोणती एक गोष्ट वेगळी करणार आहोत, हे प्रतिनिधीला सांगता आले पाहिजे. तसे नसेल तर तो वेळ पहिल्या गटातला नव्हे. चौथा रकाना रिकामा असलेली प्रत्येक नोंद या कसोटीवर पुन्हा तपासावी.

दुसऱ्या गटाचीही अशीच छाननी करावी. ज्या भेटीत किंमत, अटी आणि पुढचे पाऊल व्यवस्थापकानेच बोलून ठरवले, ती भेट प्रतिनिधी शेजारी बसलेला असला तरी तिसऱ्या गटातच जाते.

तपासणी : वर्गवारीनंतर पहिला गट एकूण वेळेच्या एक-तृतीयांशाहून मोठा दिसत असेल तर शंका घ्यावी आणि कोणत्याही पाच नोंदी उचलून संबंधित प्रतिनिधींना विचारावे की त्या चर्चेतून त्यांना काय मिळाले होते.

## टप्पा ३ : आपल्या एका तासामागे टीमचे किती तास जातात

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. माझ्या मते वेळेचा आणि कामगिरीचा खरा संबंध इथेच उघड होतो. व्यवस्थापकाचा वेळ हा त्याच्या एकट्याचा खर्च नसतो. त्याने घेतलेल्या निर्णयांतून इतरांचाही वेळ खर्ची पडतो.

आठवड्याची दीड तासाची बैठक व्यवस्थापकाच्या नोंदीत दीड तासच दिसते. आठ प्रतिनिधी उपस्थित असतील तर टीमचे १२ तास गेलेले असतात. संध्याकाळचा रिपोर्ट वाचायला व्यवस्थापकाला १० मिनिटे पुरतात. तो भरायला प्रत्येकाला २५ मिनिटे लागत असतील तर पाच दिवसांत आठ जणांची मिळून १,००० मिनिटे, म्हणजे १६ तास ४० मिनिटे खर्च होतात. आठवड्यातले जवळजवळ दोन कामाचे दिवस एका अशा कागदासाठी जातात, जो वाचायला १० मिनिटेही मिळत नाहीत असे दिवस असतात.

तेव्हा चौथ्या आणि पाचव्या गटातील प्रत्येक कामासमोर टीमचे तास लिहावेत. त्याशेजारी आणखी एक रकाना प्रतीक्षेचा ठेवावा. सवलतीच्या मंजुरीसाठी प्रतिनिधीला किती वेळ थांबावे लागले, कोटेशन सहीवाचून किती पडून राहिले, हे त्यात येईल. व्यवस्थापकाच्या नोंदीत मंजुरी तीन मिनिटांची असते. ग्राहकाच्या बाजूने तीच गोष्ट दीड दिवसाची शांतता असते, आणि तेवढ्यात दुसऱ्याचे कोटेशन येऊन पोहोचलेले असते.

## टप्पा ४ : कपात

आता चौथ्या, पाचव्या आणि तिसऱ्या गटाकडे वळावे, आणि तेही याच क्रमाने, कारण रिपोर्ट कमी करणे सर्वांत सोपे आणि स्वतःचे ग्राहक सोडणे सर्वांत अवघड असते.

रिपोर्ट आणि बैठका. एकच आकडा सीआरएममध्ये भरला जातो, पुन्हा एक्सेलमध्ये जातो आणि तिसऱ्यांदा बैठकीत तोंडी सांगितला जातो, असे जिथे जिथे दिसेल तिथे एकच जागा ठेवून बाकीच्या बंद कराव्यात. कोणती जागा ठेवायची, हे वरिष्ठांशी झालेल्या चर्चेवरून ठरवावे. ज्याची गरज संशयास्पद वाटते तो रिपोर्ट गाजावाजा न करता चार आठवडे थांबवून पाहावा. कोणीच विचारले नाही, तर तो पुन्हा सुरू करण्याचे कारण उरत नाही. वरिष्ठांनी स्पष्टपणे मागितलेल्या रिपोर्टवर हा प्रयोग अर्थातच करू नये.

टीमच्या बैठकीतून एकेकाने उठून आपले आकडे वाचण्याचा भाग काढून टाकावा. सात जण ऐकत बसतात आणि आठवा बोलतो, यात शिकण्यासारखे फार थोडे असते. सर्वांना लागू पडणारे विषय तेवढे बैठकीत घ्यावेत : नवी किंमत, प्रतिस्पर्ध्याची नवी चाल, सगळ्यांना येणारा एखादा आक्षेप.

मंजुऱ्या आणि अडचणी. मागील दोन महिन्यांत मागितलेल्या सवलतींपैकी किती नाकारल्या गेल्या, हे मोजावे. जवळजवळ सर्व मान्य झाल्या असतील, तर मंजुरी ही केवळ औपचारिकता आहे. तेवढी मर्यादा कंपनीच्या नियमांत बसत असल्यास प्रतिनिधींच्या हाती द्यावी आणि आठवड्यातून एकदा यादी पाहावी. मर्यादेबाहेरच्या विनंत्यांसाठी दिवसातील दोन ठरावीक वेळा जाहीर कराव्यात. फोन कधीही उचलणारा व्यवस्थापक टीमला प्रिय असतो खरा, पण त्याच्या टीमला स्वतःहून निर्णय घेण्याची सवय लागत नाही, हेही तितकेच खरे.

डिलिव्हरी, बिले, तक्रारी यांसाठी प्रतिनिधी थेट कोणाशी बोलेल, हे संबंधित विभागाशी ठरवून घ्यावे. मध्यस्थ म्हणून व्यवस्थापक एकदा उभा राहिला की ती जागा कायमची त्याची होते.

स्वतःची विक्री. इथे भावना आड येतात. बहुतेक व्यवस्थापक उत्तम विक्रेते होते म्हणून व्यवस्थापक झाले, आणि स्वतः मिळवलेल्या ऑर्डरचे समाधान दुसऱ्याने मिळवलेल्या ऑर्डरला नसते. त्यामुळे हिशेब कागदावर करावा. समजा, आठ प्रतिनिधी मिळून महिन्याला १२० प्रस्ताव देतात आणि त्यांपैकी २० टक्के यशस्वी होतात, म्हणजे २४ ऑर्डर येतात. प्रमाण २२.५ टक्क्यांवर गेले तर २७ ऑर्डर होतात. या तीन वाढीव ऑर्डर आणि व्यवस्थापकाने स्वतःच्या ग्राहकांवर महिन्याचे ४० तास घालून मिळवलेल्या ऑर्डर शेजारी मांडाव्यात. शिवाय सुधारलेले प्रमाण पुढच्या महिन्यातही बऱ्याच अंशी टिकते. व्यवस्थापकाची ऑर्डर मात्र त्याला दर महिन्याला नव्याने मिळवावी लागते. आपल्या आकड्यांत उत्तर उलटे आले, तर दोनच शक्यता उरतात : टीम फारच लहान आहे, किंवा स्वतःकडचे ग्राहक खरोखर फार मोठे आहेत. दोन्ही स्थितींत वरिष्ठांशी भूमिकेबद्दल बोलणे योग्य ठरेल.

ग्राहक सोपवायचे ठरल्यास ते एका पत्राने सोपवू नयेत. पहिली भेट जोडीने आणि व्यवस्थापक पुढे, दुसरी जोडीने आणि प्रतिनिधी पुढे, तिसरी प्रतिनिधी एकटा, असा क्रम ठेवावा. तिसऱ्या भेटीनंतर ग्राहकाने थेट व्यवस्थापकाला फोन केला तर बोलणे ऐकून घ्यावे, पण उत्तर प्रतिनिधीकडूनच जाऊ द्यावे.

सावधानता : सहाव्या गटाला हात लावू नये. मुलाखती आणि नव्या माणसाची तयारी यांतील वेळ वाचवणे आकर्षक दिसते, कारण तिथे कोणी तगादा लावत नाही. घाईने निवडलेला माणूस पुढचे कित्येक महिने पाचव्या गटातील कामे निर्माण करत राहतो.

## टप्पा ५ : मोकळा झालेला वेळ कोणाला द्यायचा

कपातीतून आठवड्याला सहा-आठ तास निघाले, तर ते सर्वांना समान वाटण्याचा मोह होतो. समान वाटणी न्याय्य वाटते, पण तिचा परिणाम कमी होतो. दुसरा मोह दोन टोकांकडे जाण्याचा असतो. सर्वांत वरच्या प्रतिनिधीबरोबर बसणे आनंदाचे असते आणि सर्वांत खालच्याबरोबर बसण्यासाठी वरून दबाव असतो. मधले चार-पाच जण, जे टार्गेटच्या आसपास पोहोचतात, तक्रार करत नाहीत आणि नजरेतही भरत नाहीत, त्यांना सर्वांत कमी वेळ मिळतो. टीमच्या एकूण विक्रीत वाढीची जागा बहुधा याच मधल्या फळीत असते, कारण तिथे माणसे जास्त आहेत आणि एखाद-दुसरी सवय बदलल्याने फरक पडेल इतके मूलभूत कौशल्य त्यांच्याकडे आधीच आहे.

नव्याने आलेल्यांना हा नियम लागू नाही; पहिल्या काही महिन्यांत त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे. वरच्या प्रतिनिधींना शिकवण्याची गरज कमी असली तरी त्यांच्या वाटेतील अडथळे दूर करणे आवश्यक असते. सर्वांत खालच्यांबाबत आधी एक गोष्ट ठरवावी : काम जमत नाही, की करायची इच्छा नाही? इच्छा नसलेल्या माणसाला कौशल्य शिकवण्यात घातलेले तास वाया जातात. तिथे वेगळे आणि अधिक स्पष्ट बोलणे करावे लागते.

कोणाला वेळ द्यायचा हे ठरल्यावर, कशासाठी द्यायचा हे आकड्यांवरून पाहावे. एका प्रतिनिधीच्या ४० पहिल्या भेटींतून १० प्रस्ताव गेले आणि ५ ऑर्डर आल्या. दुसऱ्याच्या ४० भेटींतून २८ प्रस्ताव गेले आणि ४ ऑर्डर आल्या. ऑर्डरच्या यादीत दोघे जवळपास सारखेच दिसतात. पहिल्याचे निम्मे प्रस्ताव यशस्वी होतात. त्याचे गळतीचे ठिकाण पहिली भेट आहे, आणि तो चुकीच्या लोकांना भेटतो आहे की योग्य लोकांची गरज त्याला काढता येत नाही, हे सोबत जाऊन पाहावे लागेल. दुसरा ज्याला त्याला कोटेशन पाठवतो आहे. त्याच्याशी बोलण्याचा विषय ‘प्रस्ताव कोणाला देऊ नये’ हा आहे. ‘आणखी जोर लावा’ हा सल्ला दोघांनाही निरुपयोगी आहे.

सावधानता : एखाद्याचा महिना फारच वाईट गेला म्हणून त्याच्यावर वेळ घातला आणि पुढचा महिना बरा गेला, एवढ्यावरून आपल्या प्रयत्नाला यश आले असे मानू नये. विक्रीचे आकडे महिन्यागणिक वरखाली होतात आणि अतिशय वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता सुद्धा बहुधा बरा असतो. निवड किमान दोन विक्रीचक्रांच्या आकड्यांवरून करण्याचे हेच कारण आहे.

## टप्पा ६ : व्यवहाराच्या कोणत्या वळणावर वेळ घालायचा

व्यवस्थापक ज्या व्यवहारांत लक्ष घालतात त्यांची यादी केली, तर बहुतेक व्यवहार शेवटच्या टप्प्यावरचे निघतात : प्रस्ताव दिलेला आहे, ग्राहक किंमत पाडून मागतो आहे, महिनाअखेर जवळ आहे. तोपर्यंत ग्राहकाची गरज कोणती मानली गेली, निर्णय कोण घेणार, बजेट कोणाच्या हाती आहे, तुलना कोणाशी होणार, हे सारे ठरून गेलेले असते. व्यवस्थापकाच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे सवलत. साहेब आले की किंमत उतरते हे ग्राहकालाही चटकन कळते, आणि पुढच्या वेळी तो साहेबांना बोलावूनच घेतो.

तोच तास दुसऱ्या भेटीच्या आधी घातला तर बदलण्यासारखे पुष्कळ असते. त्या वेळी प्रतिनिधीला पाच गोष्टी विचाराव्यात. ग्राहकाने आपली अडचण स्वतःच्या शब्दांत काय सांगितली? काहीच केले नाही तर त्याचे काय नुकसान होणार आहे? सही कोणाची लागेल आणि त्या व्यक्तीला आपण भेटलो आहोत का? तो आणखी कोणाकडे चौकशी करतो आहे? पुढची भेट तारखेसह ठरली आहे का? यांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे ‘बहुतेक’ या शब्दाने सुरू झाली, तर तो व्यवहार पाइपलाइनमध्ये, म्हणजे चालू व्यवहारांच्या यादीत, दिसत असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये. अशा व्यवहारातून वेळीच बाहेर पडणे हाही प्रतिनिधीच्या वेळेचा फायदाच आहे.

ढोबळ नियम म्हणून, व्यवहारांवर घालायच्या वेळेपैकी किमान निम्मा वेळ प्रस्ताव जाण्यापूर्वीच्या व्यवहारांसाठी ठेवावा. शेवटच्या टप्प्यावरचे व्यवहार वाऱ्यावर सोडावेत असा याचा अर्थ नाही. मोठ्या आणि अडलेल्या व्यवहारांत जावेच लागते. मात्र तिथे जाण्यापूर्वी सवलतीखेरीज आपण काय देऊ शकतो, हे लिहून घ्यावे.

## टप्पा ७ : तीन संभाषणे वेगळी ठेवणे

फोरकास्ट, पाइपलाइनचा आढावा आणि प्रतिनिधीला घडवण्याची चर्चा ही तीन वेगळी संभाषणे आहेत. तिन्ही एका तासात उरकायला गेले की पहिले संभाषण सगळा तास खाते, कारण त्याची मागणी वरून असते.

फोरकास्ट शक्यतो सीआरएमवरून घ्यावा आणि शंकेच्या व्यवहारांपुरतेच बोलावे; एका प्रतिनिधीला १० मिनिटे पुरावीत. पाइपलाइनचा आढावा महिन्यातून दोनदा घ्यावा आणि त्यात सहाव्या टप्प्यातील प्रश्न विचारावेत. वन-टू-वन भेट मात्र दर आठवड्याला, अर्ध्या तासाची, ठरलेल्या वेळी व्हावी आणि तिच्यात आकड्यांचा विषय निघाला तर तो थांबवावा. एका भेटीत एकच कौशल्य घ्यावे : पहिल्या भेटीतले प्रश्न, किमतीवरचा आक्षेप, निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचणे. मागच्या वेळी ठरलेली गोष्ट केली का, काय घडले, आता काय करायचे, एवढाच क्रम पुरतो. तोंडी सल्ल्याऐवजी तोच प्रसंग पाच मिनिटे करून पाहणे अधिक उपयोगी पडते, जरी दोघांनाही सुरुवातीला अवघडल्यासारखे होते.

जोडीने केलेल्या ग्राहकभेटीसाठी पुढील शिस्त पाळावी.

१. भेटीपूर्वी १५ मिनिटे बोलून भेटीचा हेतू आणि कोणी काय बोलायचे, हे ठरवावे. व्यवस्थापक कशासाठी आला आहे, हे ग्राहकाला कसे सांगायचे तेही ठरवावे.

२. भेटीत व्यवस्थापकाने मुख्यतः ऐकावे. प्रतिनिधी अडखळला की लगेच मध्ये पडू नये. ग्राहक व्यवस्थापकाकडे पाहून प्रश्न विचारू लागला, तर उत्तर प्रतिनिधीकडे वळवावे. खरोखरच नुकसान होत असेल तर हस्तक्षेप करण्याची खूण दोघांत आधीच ठरलेली असावी.

३. त्याच दिवशी २० मिनिटे चर्चा करावी. आधी प्रतिनिधीने बोलावे : काय जमले, काय पुन्हा वेगळे करशील? मग व्यवस्थापकाने एक चांगली गोष्ट आणि सुधारण्याची एकच गोष्ट सांगावी. सात सुधारणा सांगितल्या तर एकही होत नाही.

नेहमीची चूक : भेटीनंतर प्रवासात लगेच पुढच्या ग्राहकाविषयी बोलू लागणे. तिसरी पायरी गाळली तर उरलेल्या दोन पायऱ्यांचा उपयोग जवळजवळ संपतो.

## टप्पा ८ : कॅलेंडर

कॅलेंडरला हात लावायची वेळ आता आली. ४५ तासांचा आठवडा धरून एक नमुना देतो. आठ वन-टू-वन भेटींचे ४ तास, जोडीने जाण्यासाठी दोन अर्धे दिवस म्हणजे ८ तास, आणि त्यांची तयारी व टिपणे २ तास, असे १४ तास प्रतिनिधींना घडवण्यासाठी झाले. म्हणजे सुमारे ३१ टक्के. फोरकास्ट, पाइपलाइनचा आढावा आणि वरिष्ठांसाठीची कामे ५ तास, मंजुऱ्या व अडचणी ९, मुलाखती व नव्यांची तयारी ४, टीमची बैठक १, स्वतःकडे उरलेले ग्राहक ४. हे एकूण ३७ तास होतात. उरलेले ८ तास रिकामे सोडावेत.

रिकाम्या तासांवरच बहुतेकांचा आक्षेप असतो. अडचणी कॅलेंडर पाहून येत नाहीत, आणि पूर्ण भरलेल्या आठवड्यात अडचण आली की बळी जातो तो वन-टू-वन भेटीचा, कारण समोरचा प्रतिनिधी तक्रार करणार नसतो. म्हणून दोन नियम लिहून ठेवावेत. वन-टू-वन भेट रद्द करता येणार नाही. पुढे ढकलायची असेल तर त्याच आठवड्यातील दुसरी वेळ त्याच फोनवर ठरवावी. महिनाअखेर भेट १५ मिनिटांची करावी, पण टाळू नये.

## टप्पा ९ : परिणाम कोणत्या क्रमाने तपासायचा

महिना संपला की विक्रीचा आकडा पाहून निकाल लावणे, ही या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महागडी चूक आहे. विक्रीचक्र ९० दिवसांचे असेल तर या महिन्यात आलेल्या ऑर्डरचे मूळ बदलाच्या आधीच्या भेटींत असते. आकडा वाढला तरी श्रेय आपले नव्हे आणि घटला तरी दोष आपला नव्हे.

पहिल्या महिन्यात एवढेच पाहावे की ठरलेल्या वन-टू-वन भेटी आणि जोडीने करायच्या भेटी प्रत्यक्षात किती झाल्या. दुसऱ्या महिन्यात वागणुकीकडे पाहावे : ठरलेले प्रश्न विचारले जातात का, पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच प्रतिनिधी बाहेर पडतो का. त्यानंतर टप्प्याटप्प्याचे प्रमाण पाहावे. पहिल्या भेटीवर काम केले असेल तर भेटीतून प्रस्तावाकडे जाणारे प्रमाण आधी हलेल, ऑर्डर नंतर. ऑर्डरचा आकडा किमान एक संपूर्ण विक्रीचक्र उलटल्यावरच पाहावा, आणि हंगामी मालाच्या बाबतीत त्याची तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षाच्या त्याच काळाशी करावी.

तिसऱ्या महिन्यात एका आठवड्याची नोंद पुन्हा, पहिल्या टप्प्याच्याच पद्धतीने करावी. वेळ खरोखर सरकला आहे, पण टप्प्यांची प्रमाणे जागची हलली नाहीत, असे दिसल्यास चर्चेचा विषय चुकतो आहे. पाचव्या टप्प्यावर जाऊन गळतीचे ठिकाण पुन्हा शोधावे. वेळच सरकला नसेल तर नोंदीतील ‘हे काम कोणी सुरू केले’ हा रकाना वाचावा. तिथे प्रतिनिधींची नावे पुन्हा पुन्हा दिसत असतील तर मंजुरीची मर्यादा अजून तोकडी आहे. वरिष्ठांचे नाव दिसत असेल तर त्या नोंदी, त्यांसमोर टीमचे तास लिहून, त्यांच्याच समोर ठेवाव्यात. आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचेच नाव असेल, तर चौथ्या टप्प्यातील स्वतःच्या विक्रीचा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडावा.